साधन सदोष

मी पाना बोलतोय. तोच, प्रशिक्षण खोलीच्या दाराशी काचेच्या पेटीत टांगलेला, गळ्यात लाल पट्टी असलेला. पट्टीवर छापलं होतं, ‘साधन सदोष’. तुम्ही येता-जाता ते वाचायचात, मान हलवायचात आणि चहाला निघून जायचात. आज जरा थांबा. चहा कुठं पळून जात नाही. माझ्यावर आळ आलाय आणि तो अंगावर घेऊन गंजायची माझी तयारी नाही.

आधीच सांगतो, मी फार शिकलेला नाही. माझ्या मुठीवर शंभरापासून हजारापर्यंत आकडे कोरलेत, पण मला त्यातला एकच येतो, सहाशे. बाकीच्यांशी माझी तोंडओळखही नाही. तो एक मात्र असा पाठ होता की झोपेतून उठवून विचारावा. मला नटावर चढवायचं आणि ओढायचं. जोर सहाशेला पोचला की मी ‘टक्’ म्हणायचो आणि ओढणाऱ्याच्या हाताला हलकासा झटका द्यायचो. त्याच्या आत कितीही ओढा, मी गप्प. एवढंच माझं शिक्षण. पण योग्य वेळी बोलायचं आणि बाकी वेळ तोंड मिटून राहायचं, हे तुमच्यातल्या किती पदवीधरांना जमतं ते मी या पेटीतून रोज बघतो. तेव्हा हसायचं काम नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. पोटात जाडजूड स्प्रिंग घातली, वरून सव्वा मीटरची नळी चढवली, आणि एका चष्मेवाल्या म्हाताऱ्यानं मला पन्नास वेळा ओढून बघितलं. मग त्यानं कागदावर सही करून दिली की हा पाना खरं बोलतो. तोच माझा जन्मदाखला. तुमच्यापैकी कुणाच्या जन्मदाखल्यावर असं लिहिलेलं असेल तर आणून दाखवा, मी पेटीतून खाली उतरून पाया पडेन.

तिथून मी इथं आलो, फौजेच्या चिलखती गाड्या जोडणाऱ्या कारखान्यात. मला चाकांवर नेमलं. गाडीला सहा चाकं, चाकाला दहा नट. म्हणजे एका गाडीमागे माझे साठ ‘टक्’. प्रत्येक ‘टक्’नंतर फिटर पिवळ्या रंगाच्या पेननं एक बारीक रेघ मारायचा, अर्धी नटावर, अर्धी चाकावर. नट जागचा हलला की रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात आणि लांबून बघणाऱ्यालाही कळतं. साधी युक्ती आहे. कुणाला खोटं बोलायचं असेल तर ती फार अडचणीची आहे.

ही रेघ आणली ती इंजिनिअर बाईंनी. कोणतं काम कोणत्या क्रमानं, कोणत्या हत्यारानं आणि किती जोरानं करायचं हे त्या ठरवायच्या. लाइनवर सगळे त्यांना पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. आल्या आल्या त्यांनी माझ्या खुंटीपासून गाडीपर्यंतची पावलं मोजली, अकरा भरली. दुसऱ्या दिवशी खुंटी उपटून गाडीजवळ ठोकली, चार पावलांवर.

“ही बाई घरी नवऱ्यालासुद्धा दारात उभं करून मोजत असेल,” माझा फिटर म्हणाला.

“मोजलाय,” बाई मागून म्हणाल्या. “लग्नाआधीच. काका, तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे चार पावलांवर?”

काकांचा गुडघा तेव्हापासून बाईंच्या पक्षात गेला. काका यायला मात्र वेळ लागला.

या काकांना लाइनवर ‘शंभर नंबरी’ म्हणत, कारण कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, “माझं काम शंभर नंबरी.” तीस वर्षं नट आवळून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. शर्ट शिवताना शिंपी भांडायचा. माणूस गर्विष्ठ, पण हात सोन्याचा, आणि मला पुसल्याशिवाय कधी खुंटीला लावायचे नाहीत. मला ते आवडायचे. म्हणून तर आज एवढा राग येतो.

तिसरे म्हणजे आमचे मोठे साहेब. त्यांना सगळे ‘आजच्याआज’ म्हणत. गाडी आजच्याआज, अहवाल आजच्याआज, उद्याचं कामही आजच्याआज. एकदा बाहेरचे पाहुणे आले तेव्हा साहेबांना फोटोसाठी नट आवळायची हौस आली. टाय खांद्यावर टाकला, मला हातात घेतलं आणि उलट्या दिशेनं ओढायला लागले. मी उलट्या दिशेला बोलतच नाही. ते ओढतायत, मी गप्प. कपाळावर घाम, मान लालभडक, पाहुणे वाट बघतायत ‘टक्’ची. काका शेजारी उभे राहून छताकडे बघत होते. मला सांगता आलं असतं तरी मी सांगितलं नसतं, एवढी मजा मी सोडतो होय? तो फोटो पुढं वर्षभर फलकावर होता. खाली लिहिलेलं, ‘गुणवत्तेसाठी साहेब स्वतः कटिबद्ध’. फोटोत साहेब स्वतः नट सैल करतायत.

हसलात ना? मीही खूप हसलो. तेव्हा कळलं नाही की या माणसाला कुठला नट कुठल्या बाजूला फिरतो याच्याशी काही देणंघेणंच नाही.

आता माझ्या पडण्याची गोष्ट.

गुरुवार होता, सकाळच्या चहानंतरची वेळ. त्या आठवड्यातल्या चौथ्या गाडीचं उजवं मागचं चाक. महिनाअखेर, त्यामुळे साहेब स्वतः लाइनवर उभे. काका गाडीच्या पायरीवर चढले होते, त्यांच्या हातमोज्याला तेल लागलं होतं, आणि मी निसटलो. डोक्यावर पडलो, थेट काँक्रीटवर. पोटात काहीतरी सरकलं. आपण आता पहिल्यासारखे राहिलो नाही हे मला त्याच क्षणी कळलं.

यावर आमच्याकडे एकच नियम आहे, बाईंनीच भिंतीवर लावलेला. पाना पडला की त्याला लाल पट्टी बांधायची आणि तपासणी खोलीत पाठवायचं. तिथं बघतात तो अजून खरं बोलतो का. तोवर त्यानं आवळलेलं काहीही पुढं जात नाही. आणि माझा जोडीदार पाना त्याच आठवड्यात वर्षाच्या तपासणीला बाहेर गेला होता.

“काका, उचला की,” साहेब म्हणाले. “लोखंड आहे. काचेची बरणी नाही.”

“साहेब, पडलाय. तपासायला लागेल.”

“किती वेळ?”

“तीन तास तरी.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “मग नाही पडला,” ते म्हणाले.

बघा. तीन तास लागतात म्हणून मी पडलो नाही. अर्धा तास लागला असता तर कदाचित अर्धा पडलो असतो. इतकी वर्षं मी एका आकड्यावर जगलो, आणि या माणसानं माझं पडणं घड्याळात बघून ठरवलं.

काकांनी मला उचललं. दोन क्षण हातात धरून उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी मला पुसलं आणि नटावर चढवलं.

मी ‘टक्’ म्हणालो. चारशे सत्तरला.

माझ्या तोंडून खोटं निघालं, आयुष्यात पहिल्यांदा. मला गप्प बसायचं होतं, पण माझं बोलणं माझ्या हातात नाही, ते माझ्या स्प्रिंगच्या हातात आहे. त्या दोघांकडे जीभ होती. तिघांत एकच मुका आणि तोच बोलला.

काकांना ते कळलं, त्या पहिल्याच नटाला. तीस वर्षांच्या खांद्याला सहाशे म्हणजे काय ते ठाऊक असतं. “हलका बोलतोय हा,” ते पुटपुटले. मग त्यांनी काय केलं? ‘टक्’ झाल्यावर वरून आणखी एक हिसका द्यायला सुरुवात केली. माझ्यावर भरवसा नाही, खांद्यावर आहे. पिवळी रेघ मारली, झालं, शंभर नंबरी. कुणाला सांगायचं कारणच उरलं नाही असं त्यांनी स्वतःला पटवलं. बरीच वर्षं एकच काम चोख केलेल्या माणसालाच जमते अशी ही चूक आहे. नवशिक्या घाबरून सांगून मोकळा झाला असता.

दोन आठवडे असे गेले. मग काकांचा गुडघा सुजला आणि ते आठ दिवस रजेवर गेले.

त्यांच्या जागी केबिनच्या लाइनवरचा एक माणूस आला. चाळिशीचा, सरळमार्गी, कमी बोलणारा. त्याला शिकवलेलं, पाना ‘टक्’ म्हणाला की थांबायचं. तो थांबायचा. मी चारशे सत्तरला म्हणायचो, तो तिथंच थांबायचा, नीट रेघ मारायचा आणि वहीत नट मोजून सही करायचा. इतका शहाणा माणूस आणि मी त्याला रोज साठ-साठ वेळा फसवत होतो. खोड्या मी जन्मभर काढल्या, पण ही माझी नव्हती.

मी पडल्यापासून एकूण तीस गाड्या निघाल्या. एकोणीस फौजेकडे पोचल्या. अकरा आवारात, पाठवणीच्या कागदाची वाट बघत उभ्या.

त्या अकरांतली एक चाचणी रस्त्यावरून फिरून आली आणि बाई सवयीप्रमाणे टॉर्च घेऊन चाकापाशी बसल्या. बसल्या त्या उठेचनात. एका नटावरची पिवळी रेघ तुटली होती. नखाएवढं अंतर. त्यांनी नखच लावून बघितलं. मग आल्या, मला खुंटीवरून काढलं आणि तपासणीच्या बाकावर चढवलं. एकदा ओढलं, चारशे सत्तर. दुसऱ्यांदा, चारशे अडुसष्ट. तिसऱ्यांदा ओढून झाल्यावर त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी मला तसंच साहेबांच्या खोलीत नेलं आणि काचेच्या टेबलावर ठेवलं.

“हे इथं कशाला?” साहेब म्हणाले. “ओरखडे पडतील.”

“हा चारशे सत्तरला बोलतोय. कधीपासून ते माहीत नाही. अकरा गाड्या थांबवायच्या आणि बाहेर गेलेल्यांना आत्ता निरोप पाठवायचा, नट तपासल्याशिवाय हलू नका.”

“अकरांचे नट पुन्हा आवळून घ्या. आजच्याआज. बाहेरच्यांचं काय? कदाचित हा कालच बिघडला असेल.”

“कदाचित महिन्यापूर्वी.”

“पुरावा?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. वहीत माझ्या पडण्याची नोंदच नव्हती. साहेब मात्र माझ्याकडे बघत नव्हते, एकदाही नाही. टेबलावर सव्वा मीटरचा पाना आडवा पडलाय आणि माणूस पेपरवेटकडे बघतोय.

“मॅडम, निरोप गेला की चौकशी आली,” ते म्हणाले. “तुम्ही पाठवणीच्या कागदावर सही करा. सगळी साधनं तपासलेली होती, एवढंच तर लिहायचंय. दुपारपर्यंत द्या. नाहीतर सही करणारं दुसरं कुणी बघावं लागेल, आणि तुमच्यासाठी दुसरं टेबल.”

बाईंनी मला आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. फटीतून मला त्यांचा आवाज येत होता. नवऱ्याशी फोनवर बोलत होत्या.

“हो, ऐकलं मी. सगळेच सही करतात, माहितेय... अरे, सगळे करतात म्हणूनच माझी मागतायत ना... नाही, घर बदलायला नको, फक्त टेबल बदलतील... त्या गाडीत दहा माणसं बसतात रे. मागचं चाक सुटलं तर... हो. हो, पिल्लूला तूच आण आज शाळेतून.”

मग त्यांनी वही उघडली. पानं उलटल्याचा आवाज, बराच वेळ. आणि मग काकांना बोलावून घेतलं. गुडघा बरा होऊन ते तीनच दिवसांपूर्वी कामावर आले होते.

बाईंनी मला बाहेर काढून दोघांच्या मध्ये ठेवलं.

“काका, हा पडला होता का?”

“माझं काम शंभर नंबरी आहे, मॅडम. माझा एक नट सैल निघाला तर हात कापून देईन.”

“तुमचा नाही निघाला. अकरा गाड्यांवर तपासणीहून परत आलेला दुसरा पाना लावून बघितला. तुमचे सगळे घट्ट आहेत, काही तर जास्तच.”

काकांची छाती दोन बोटं वर आली. मला रागानं खाली उडी मारून त्यांच्या पायावर आदळावंसं वाटलं, दुखऱ्या गुडघ्याच्याच.

“रेघ तुटली ती गाडी नऊ तारखेची,” बाई म्हणाल्या. “सैल निघालेल्या सगळ्या सहा ते तेरा तारखेच्या. त्या आठवड्यात आठ गाड्या झाल्या. त्यातल्या तीन इथं आहेत, पाच बाहेर.” त्यांनी वही त्यांच्याकडे फिरवली. “तुमचा हात रजेवर होता, काका. पाना कामावर होता.”

काका वहीकडे बघत राहिले. त्यांना अक्षर लावायला वेळ लागतो, पण ते काही वाचत नव्हते. त्यांचा खाली उतरलेला खांदा आणखी खाली गेला. इतके दिवस त्यांनी फक्त आपल्या नटांचा विचार केला होता. आपल्यामागे एक माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“त्याला सांगायचं राहिलं,” ते म्हणाले. “म्हणजे राहिलं नाही. रजेवर जाताना फाटकापाशी आठवलं होतं. म्हटलं, सांगायला गेलो तर तो विचारणार, मग तुम्ही का नाही सांगितलं. आणि तसाच घरी गेलो.”

“कधी पडला?”

“लिहून घ्या. गुरुवार, सकाळच्या चहानंतर. चौथी गाडी, उजवं मागचं चाक. माझ्या हातून पडला.” मग म्हणाले, “साहेब तिथं उभे होते. तेही लिहा.”

“ते लिहिलं तर तुम्हाला त्रास होईल.”

“चार महिने राहिलेत माझे निवृत्तीला. चार महिन्यांत किती त्रास मावणार?”

बाईंनी लिहिलं. काकांनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर आवळत. बाईंनी त्या कागदावरून सरळ फौजेच्या तपासणी अधिकाऱ्याला फोन लावला, साहेबांना न विचारता. एकोणीस गाड्या होत्या तिथं उभ्या राहिल्या. संध्याकाळी उत्तर आलं. पाच गाड्यांचे नट सैल. त्यातल्या एकीच्या मागच्या चाकाचे तीन नट ड्रायव्हरनं हातानं फिरवून काढले. ती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं भरून डोंगर उतरणार होती.

 बाईंनी घरी फोन केला आणि पिल्लूनं डबा खाल्ला का ते विचारलं. 

आता तुम्हाला वाटेल, छान झालं, संपलं. थांबा. मला राग कशाचा आलाय ते आता येतंय.

चौकशी झाली. आठ जण, लांब टेबल, बाटल्यांतलं पाणी. मला मधोमध ठेवून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी लिहून घेतलेला कागद ‘तोंडी माहिती’ म्हणून बाजूला गेला. अहवाल सहा पानांचा निघाला, आणि शेवटी कारणाच्या रकान्यात दोन शब्द, साधन सदोष. पडला नाही, पाडला नाही, घड्याळ बघून ‘मग नाही पडला’ असं कुणी म्हणालंच नाही. पाना आपोआप बिघडला. खुंटीवर बसल्या बसल्या मला दुर्बुद्धी झाली म्हणे.

साहेबांना वेळीच लक्ष दिल्याबद्दल ढाल मिळाली. या वेळी फोटोत त्यांनी ती सरळ धरली होती, एवढी सुधारणा आहे. बाईंना जुन्या कागदांच्या विभागात पाठवलं. तिथं खिडकी नाही, आणि मोजण्यासारखं काही नाही. काकांना हातमोजे वाटायला बसवलं. ज्याच्या हातून तेलकट मोज्यातून मी निसटलो, त्यालाच दिवसभर मोजे द्यायला लावले. कुणाला तरी ही गंमत वाटली असणार. मी गमत्या पाना आहे, मला गंमत ओळखता येते. ही गंमत नव्हती.

आणि मला इथं टांगलं, नव्या लोकांना दाखवायला, की बघा, साधनं अशी खोटी निघतात.

मी सदोष आहे, मान्य. चारशे सत्तर हे काही सहाशे नव्हे, एवढं गणित मलाही कळतं. पण मी सदोष *झालो*, आणि मला सदोष *ठेवलं*. माझा आवाज बिघडला तेव्हा चांगला आवाज असलेली दोन माणसं शेजारी उभी होती.

मागच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना काका आले. त्यांचा शेवटचा आठवडा. मागोमाग बाई, हातात पेटीची किल्ली. कागदांच्या विभागात किल्ल्याही ठेवतात, हे साहेबांच्या ध्यानात आलेलं नसावं.

“कुणी बघितलं तर?” बाई म्हणाल्या.

“मग नाही बघितलं,” काका म्हणाले, आणि ती दोघं इतकी हसली की बाईंना पेटीचा आधार घ्यावा लागला. माझीसुद्धा स्प्रिंग हलली.

काकांनी मला बाहेर काढलं. आधी पुसलं. मग गळ्यातली पट्टी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, पिवळ्या पेननं, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘पडला होता. माझ्या हातून. सांगितलं नाही.’ खाली आपली सही. ती बाजू वर करून पट्टी पुन्हा घट्ट बांधली. आणि शेवटी एक बारीक रेघ मारली, अर्धी पट्टीवर, अर्धी माझ्या मुठीवर.

म्हणून म्हणतो, चहाला जाताना जरा वाका आणि ती रेघ बघा. कुणी पट्टी पुन्हा फिरवली तर तिचे दोन तुकडे होतील, आणि मग काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. माझं काम संपलं. मी आता वितळायला जाईन किंवा इथंच लटकेन, मला फरक पडत नाही. पण तुमच्या हातून काही निसटलं तर खाली वाकून उचलायच्या आधी तोंड उघडा. तीन तास लागोत नाहीतर तीन दिवस.

आज सकाळपर्यंत रेघ जुळलेली आहे.